स्पीकर बदलण्याआधी सोफा हलवा

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एक छोटा स्पीकर तयार केला, एलएस ३/५ए. उंची जेमतेम १२ इंच, रुंदी साडेसात इंच. स्टुडिओबाहेरच्या कार्यक्रमांसाठी जी गाडी जायची, तिच्यात बसलेल्या तंत्रज्ञाला निवेदकाचा आवाज जसाच्या तसा ऐकू यावा, यासाठी तो होता. मोठा स्पीकर ठेवायला त्या गाडीत जागाच नसे. पुढे तो घरोघरी पोहोचला, आणि आजही बीबीसीच्या परवान्याने त्याच्या नव्या जोड्या बनतात. ही जोडी, किंवा याच घराण्यातला दुसरा एखादा महागडा छोटा स्पीकर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या मनात कधी ना कधी येतंच : आता याच्यापुढे काय घ्यावं?

ही ओढ खोटी नाही. या स्पीकरवर मल्लिकार्जुन मन्सूर लावून बघा. गळ्याची धार, श्वास घेतल्याची जागा, तंबोऱ्याची जवारी, सगळं हाताच्या अंतरावर. डग्गा मात्र नुसता भासतो. पाच लिटरच्या बंद पेटीतून खोल खर्ज निघणं शक्य नाही. म्हणून अभियंत्यांनी १०० हर्ट्झच्या वर आवाजाला किंचित उठाव दिला. उरलेला खर्ज ऐकणाऱ्याचं मन भरून काढतं.

मग माणूस दुकानात जातो, कमरेइतके उंच स्पीकर ऐकतो, भारावतो आणि घरी आणतो. घरी डग्गा नुसता ढुमढुमायला लागतो. एक स्वर छातीवर बसतो, शेजारचा गायब. दोष स्पीकरला दिला जातो, अ‍ॅम्प्लिफायर बदलला जातो, वायरींवर खर्च होतो.

खरा दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १५ फूट लांबीच्या हॉलमध्ये ३८ हर्ट्झच्या आसपासची लहर दोन भिंतींच्या मध्ये नेमकी अर्धी बसते आणि घुमत राहते. ७५ हर्ट्झच्या आसपास तेच पुन्हा घडतं. या घुमण्याचा जोर भिंतीलगत सर्वाधिक असतो, आणि आपल्याकडे सोफा असतो भिंतीला टेकून. छोटा स्पीकर इतक्या खाली पोहोचतच नव्हता, म्हणून खोलीचं हे दुखणं झाकलेलं होतं. मोठ्या स्पीकरने ते उघड केलं.

मी माझ्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढला आणि स्पीकरही मागच्या भिंतीपासून दोन फूट सुटे केले. त्याच संध्याकाळी डग्ग्यावरची मींड पहिल्यांदा खालून वरपर्यंत सलग ऐकू आली. खर्च शून्य. गुळगुळीत फरशीच्या, उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. मागून झणझण आली, तर जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी ती शमते. खर्जाच्या घुमण्यावर मात्र सतरंजीचा काही उपयोग नाही. तिथे जागा बदलणं, नाहीतर कोपऱ्यात खनिज लोकरीचे चांगले जाड थर लावणं, हेच चालतं.

एवढं केल्यावरही खर्ज कमी वाटत असेल, तर मध्यम हॉलसाठी माझा कौल छोटे स्पीकर ठेवून दोन सबवूफर जोडण्याला आहे. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्यांच्याकडे द्यावं. जिवाभावाचा मधला आवाज तसाच राहतो, आणि दोन ठिकाणांहून आलेला खर्ज खोलीत जास्त समान पसरतो. जागा शोधायची युक्तीही सोपी आहे : सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, एखादी ओळखीची, भरपूर खर्जाची चीज लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा.

हॉल मोठा असेल, पखवाज किंवा सिंफनी भरपूर ऐकत असाल, तर आठ इंची वूफरची मोठी पेटी घ्यावी. हार्बेथ आणि स्पेंडर या कंपन्या बीबीसीतल्याच अभियंत्यांनी काढल्या. त्याच वळणाचा त्यांचा मधला आवाज ओळखीचा वाटेल. संवेदनशीलतेचा आकडाही बघा. ८३ डेसिबलच्या जागी ८९चा स्पीकर आला, तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा वीज पुरते.

दुकानात डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. फ्लॉइड टूल या कॅनेडियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच स्पीकरला लोकांकडून दोनदा गुण घेतले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर दिसत असताना. दिसताच गुण बदलले. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळीही सारखी करून घ्या; जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी बरा वाटतो.

शेवटी दुकानदाराकडे एकच मागणी करा : स्पीकर शनिवार-रविवार घरी ठेवू द्या. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या सोफ्यावर, तुमच्या रोजच्या ध्वनिमुद्रणावर ऐका. जो घरी द्यायला नकार देईल, त्याच्याकडून घेऊ नका.