बंबाचं इंजिन

ऑक्टोबर १८२९. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळचं रेनहिल नावाचं गाव. नव्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवर गाड्या ओढायला कुठलं इंजिन घ्यावं हे ठरवण्यासाठी कंपनीनं पाचशे पौंडांची शर्यत लावली होती. ती स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’नं जिंकली, एवढं आपल्या कानावर असतं. पण पहिल्या दिवशी जमलेल्या हजारो लोकांना भावलं ते दुसरंच इंजिन, ‘नॉव्हेल्टी’. निळ्या रंगाचं, तांब्यानं झळकणारं, नाजूक, तासाला २८ मैल धावलेलं. रॉकेट सव्वाचार टनांचं, तर हे जेमतेम तीन टनांचं. मागं कोळसा-पाण्याची वेगळी गाडी नाही. पाण्याची टाकी पोटाखाली टांगलेली, इंधन वरच ठेवलेलं. लंडनचे जॉन ब्रेथवेट आणि स्वीडनहून आलेला सव्वीस वर्षांचा जॉन एरिकसन या दोघांनी ते साधारण सात आठवड्यांत उभं केलं होतं!

गेली दीड वर्षं मी या नॉव्हेल्टीचं छोटं मॉडेल बनवते आहे. तयार सुटे भाग जोडायचे ते मॉडेल नव्हे. पत्रा आणायचा, कापायचा, वाकवायचा, प्रत्येक भाग आपला आपण घडवायचा. या छंदातली मंडळी याला ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं म्युझियम आहे. तिथं मुलाला घेऊन गेले तेव्हापासून हे डोक्यात होतं. मुलाचं वेड उतरलं, माझं राहिलं.

मी तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना विस्मरण सुरू झालं, गॅस चालू ठेवून त्या देवळात निघून गेल्या, तेव्हा क्लास बंद केला. कोणी बळजबरी केली नाही. पण दुसरं कोण थांबणार होतं? दुपारी दोन ते चार त्या शांत असतात. तेवढा वेळ माझा. ‘या वयात खेळणी कसली करतेस?’ असं नातेवाइकांनी विचारून झालं. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, ‘वहिनी, आईकडे लक्ष असतं ना?’ मी ‘हो’ म्हटलं. पण त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं.

असो. माप सोपं ठेवलं. एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे मूळच्या चोविसाव्या हिश्शाचं. शिवणाचा टेप चालतो आणि हिशेब तोंडी होतो. सिलिंडर सहा इंच व्यासाचा, तो माझ्याकडं पाव इंच झाला, कॉलरच्या बटणाएवढा. दोन रुळांतलं अंतर सव्वादोन इंचांहून थोडं जास्त. १८२९ सालची चित्रं ‘मेकॅनिक्स मॅगझीन’ या लंडनच्या साप्ताहिकात छापली गेली होती, ती आता इंटरनेटवर सापडतात. त्यांवरून आधी कागदी कटिंग केलं, ब्लाउजचं करतो तसंच. कागद चुकला तर रुपया जातो, तांबं चुकलं तर पाचशे. ही शिस्त क्लासमधल्या मुलींना शिकवून शिकवून अंगात मुरलेली आहे.

चाकांनी मात्र घाम काढला. नॉव्हेल्टीची चाकं चार फूट दोन इंचांची, आरे जाड लाकडाचे नव्हेत तर बारीक लोखंडी सळयांचे, सायकलच्या चाकाची आठवण यावी असे. माझ्या मापात चाक दोन इंचांहून एक सूतभरही मोठं नको. लेथ माझ्याकडं नाही. एक दिवस लक्षात आलं, बांगड्यांचं मापही आतल्या व्यासाच्या इंचांतच असतं की! दोनच्या मापाची चपटी पितळी बांगडी, धातूची जाडी धरून बाहेरून बरोब्बर बसते. तुळशीबागेत गेले. दुकानदारानं विचारलं, ‘छोटीसाठी का? किती वर्षांची आहे?’ मी म्हटलं, ‘होईल आता दोनशेची.’ त्यानं हसून चार दिल्या.

प्लायवूडवर कोनमापकानं खुणा करून खिळे ठोकले, मधे बांगडी बसवली आणि सतारीच्या तारेचे आरे ओढून एकेक डाग देत गेले. एक सांधा जोडताना शेजारचा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या चिंधीची पट्टी ठेवायची. एका चाकाला नऊ दुपारी. आस केले स्वेटरच्या सुयांचे.

मग आलं बॉयलर. तेच या इंजिनाचं वेगळेपण. रॉकेटचं बॉयलर आडव्या पिंपासारखं. नॉव्हेल्टीचं एका टोकाला उभं तांब्याचं भांडं आणि त्याला जोडलेली लांब आडवी नळी. आडव्या नळीसाठी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून अर्धा इंची तांब्याची नळी मिळाली. उभ्या भांड्याचा घुमट पत्रा वाकवून होईना, म्हणून कसब्यातली तांबट आळी गाठली. ‘ताई, एवढासा हंडा कुणाला?’ म्हणत तिथल्या कारागिरानं तो ठोकून दिला. मठार नको, गुळगुळीत हवा, हे मात्र दोनदा सांगावं लागलं.

ते भांडं मी टेबलावर उभं केलं. सासूबाई खुर्चीत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बंब आणलास? केवढासा!’

मी बघतच राहिले. खरंच की! मधे जाळ, भोवती पाणी, वरून नळीतून इंधन टाकायचं. नॉव्हेल्टीचंही नेमकं तसंच होतं. गंमत म्हणजे याच ब्रेथवेट आणि एरिकसननं १८२९ मध्येच वाफेवर चालणारा पंप केला होता, आग विझवायचा. म्हणजे तोही बंबच!

त्या दिवशी सासूबाई तासभर बोलल्या. वाड्यातला बंब, दिवाळीच्या पहाटे आधी कोणाचं न्हाणं यावरून होणारी भांडणं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं तांबं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण बंबाच्या जाळीला किती भोकं होती ते सांगितलं.

मी त्यांना भाता दाखवला. नॉव्हेल्टीची भट्टी बंद असे आणि इंजिनाच्याच ताकदीवर चालणारा भाता तिच्यात वारा कोंबत असे. त्यावर त्या म्हणाल्या, ‘बंबाला भाता कशाला? नळी चांगली असली की ओढ आपोआप लागते.’ आडव्या नळीतला धुराचा मार्ग नागमोडी, मागेपुढे वळवलेला असे, हे बोटानं काढून दाखवलं. ‘मग काजळी कुठून काढायची गं?’

इंजिनिअरिंगच्या पुस्तकांनी हेच पानंपानं लिहिलंय. रॉकेटनं वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडली. तिनं जाळाला ओढ दिली. इंजिन जितकं जोरात पळे तितका जाळ वाढे. शिवाय बॉयलरमध्ये एका जाड नळीऐवजी पुष्कळ सरळ नळ्या, म्हणून पाणी चटकन तापे. नॉव्हेल्टीकडं यातलं काहीच नव्हतं. आधी पाण्याची नळी फुटली, मग १४ ऑक्टोबरला बॉयलरचा नुकताच दुरुस्त केलेला सांधा सुटला आणि त्यांनी माघार घेतली. २००२ मध्ये बीबीसीनं वेल्समध्ये प्रतिकृतींची शर्यत पुन्हा लावली, तेव्हाही रॉकेटच जिंकलं. एरिकसनचं मात्र काही अडलं नाही. तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या यादवी युद्धात १८६२ मध्ये गाजलेली ‘मॉनिटर’ ही चिलखती युद्धनौका त्याचीच.

‘मग हरलेलं इंजिन कशाला करतेस?’ मुलानं विचारलं. रॉकेट सगळेच करतात, हे एक उत्तर. दुसरं असं की मला ते दिसायला आवडतं. एवढं कारण पुरे नाही का?

सासूबाईंना ही सगळी चर्चा दुसऱ्या दिवशी आठवत नाही. रोज दुपारी त्या नव्यानं विचारतात, ‘बंब आणलास?’ मी रोज ‘हो’ म्हणते आणि त्या रोज वाड्यात जाऊन येतात. कधी चाकं हातानं फिरवून बघतात. पाव इंचाच्या सिलिंडरमधला दट्ट्या अर्धा इंच खाली-वर होतो, काटकोनी तरफ हलते, वाकडा आस फिरतो, ते त्यांना आवडतं. मागच्या महिन्यात नणंदबाई आल्या होत्या. त्यांना आईनंच सगळं समजावून सांगितलं, अगदी काजळीसकट. नणंदबाई काही बोलल्या नाहीत. जाताना विचारलं, ‘पुढच्या वेळी येताना काही आणू का, तांबं वगैरे?’

निळा रंग अजून लावायचाय, आणि भाताही बाकी आहे. त्याला पातळ, मऊ चामडं हवंय. जुन्या पर्सचं अस्तर चालतं का ते उद्या बघते.