कुंपणच शेत खाते तेव्हा

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी? ‘पेम्फिगस’ नावाच्या त्वचारोगात नेमके हेच घडते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये निर्माण करते, तशीच काही प्रतिद्रव्ये स्वतःच्याच त्वचेवर उलटतात. त्वचेच्या पेशींना परस्परांशी जखडून ठेवणारी ‘डेस्मोग्लिन’ ही प्रथिने त्यांच्या माऱ्याने निकामी होतात. पेशींची पकड सुटते, अंगावर फोड उठतात आणि ते फुटून ओल्या जखमा मागे राहतात. पुष्कळदा आरंभ तोंडातील व्रणांनी होतो व घास गिळणेही कठीण होऊन बसते.

स्टेरॉइड औषधे उपलब्ध होण्यापूर्वी हा रोग बहुधा प्राणघातक ठरे. या औषधांनी अनेकांचे प्राण वाचले खरे; परंतु ती मोठ्या मात्रेत रोज घेतल्याने हाडे ठिसूळ होत, मधुमेह जडे, जंतुसंसर्गाचे भय वाढे.

या संदर्भात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांचे कार्य आवर्जून सांगण्याजोगे आहे. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यासह एक उपचारपद्धती प्रसिद्ध केली. १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ग्लुकोजच्या द्रावणातून ओळीने तीन दिवस शिरेवाटे द्यावयाचे. त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडही द्यावयाचे. आणि हाच क्रम दर २८ दिवसांनी पुन्हा करावयाचा. मधल्या काळात सायक्लोफॉस्फमाइडची लहान मात्रा रोज पोटातून घ्यावयाची. महागड्या मिथिलप्रेड्निसोलोनऐवजी स्वस्त डेक्सामेथासोन निवडल्याने सामान्य कुटुंबालाही हा उपचार परवडू लागला.

ही पद्धती निर्दोष होती असे नव्हे. सायक्लोफॉस्फमाइडमुळे जननक्षमतेस बाधा येऊ शकते. म्हणून तरुण रुग्णांच्या बाबतीत पर्यायी औषधाचा विचार करावा लागतो. आता रिटक्सिमॅब हे अधिक नेमके औषधही हाती आले असून २०१८ मध्ये अमेरिकेत त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली.

आपल्या घरी कोणाला असे फोड आले, तर त्या व्यक्तीची ताटवाटी वेगळी करू नका. हा रोग संसर्गजन्य नाही. तोंडातील व्रण काही आठवडे भरून येत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. आणि बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने कधीही थांबवू नका. औषधाइतकाच आपल्या माणसांचा धीरही रुग्णाला हवा असतो.