कोयनेचं पाणी, कोयनेचे हादरे आणि एक आलेख

पावसाळ्यात सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत कोयना धरणाची चौकट येऊ लागते. पाणीपातळी फुटांत, साठा टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत, पाऊस मिलिमीटरमध्ये. चौकटीत हे आकडे गुण्यागोविंदानं नांदतात. एका आलेखावर आणले की भांडण सुरू.

एक्सेलमध्ये सगळे रकाने निवडून काढलेलं पहिलं चित्र हमखास हास्यास्पद निघतं. पातळी मोजतात समुद्रसपाटीपासून. धरण भरलं की ती सुमारे २१६३ फुटांवर जाते. साठ्याची कमाल १०५.२५ टीएमसी. शून्यापासून निघालेल्या एकाच अक्षावर पातळी छताला चिकटते, साठा आणि पाऊस तळाशी सरपटत राहतात. मग साठ्याच्या रेषेवर राइट क्लिक करून ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’ निवडायचा आणि डावा अक्ष २००० फुटांपासून सुरू करायचा. रेषेला ही मुभा आहे. स्तंभाला नाही, कारण त्याची उंची हाच त्याचा आकडा. बुडखा छाटला की तो खोटं बोलू लागतो.

आता दोन्ही रेषा चढतात, पण कितीही ओढाताण केली तरी एकमेकींवर बसत नाहीत. दरी वर रुंद होत जाते, त्यामुळे तळाकडचा एक फूट थोड्या पाण्यात भरतो आणि वरच्या फुटाला कितीतरी जास्त पाणी लागतं. पातळी आधी धावते, साठा मागून फुगतो. खोऱ्याचा आकारच त्या फटीत उतरलेला असतो; ती बुजवायच्या नादी लागू नये.

पाऊस दाखवायची जलशास्त्रातली जुनी रीत झकास आहे: स्तंभ आलेखाच्या छतापासून खाली लोंबते काढायचे. त्यासाठी तिसरा अक्ष हवा, आणि एक्सेल एका आलेखावर दोनच उभे अक्ष देतं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये तिसरा अक्ष काढून बाजूला सरकवता येतो. मग रेषेचा आणि तिच्या अक्षावरच्या आकड्यांचा रंग एकच ठेवावा लागतो, नाहीतर वाचकानं बोट धरून शोधत बसायचं.

खरी कसोटी भूकंपांची. १९६२ मध्ये जलाशय भरू लागला आणि लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त केलं. धरणाच्या पाण्यानं भूकंप होतात का, या वादात पातळी आणि धक्के एकत्र दाखवणारे आलेख पुन्हा पुन्हा काढले गेले. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी १९८३ मध्ये निराळंच काही पुढं ठेवलं: पाच तीव्रतेवरचे धक्के पातळी आठवड्याला ४० फुटांहून वेगानं चढते तेव्हाचे दिसतात, मात्र एवढा वेग असला म्हणून भूकंप होईलच असं नाही. म्हणजे आलेखात नुसती पातळी घेऊन भागत नाही. साप्ताहिक वाढीची वेगळी रेषा काढावी लागते.

आणि धक्के कसे दाखवायचे? तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ऊर्जा मांडली तर १९६७ चा एकच सुळका उरतो, बाकी सपाट. नुसती संख्या मांडली तर तो प्रलय आणि भांडी वाजवून गेलेला धक्का एका मोलाचे ठरतात. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा, की संख्येचे स्तंभ काढावेत आणि मोठे भूकंप वर ताऱ्यांनी दाखवावेत.

तरीही दोन अक्षांची खोड उरतेच. उजवा अक्ष ० ते ५० ठेवला तर धक्के पाण्याच्या रेषेला बिलगतात. ० ते ५०० केला की झोपी जातात. आकडे तेच. रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूलाही काही अर्थ नसतो, पण डोळा नेमका तिथंच थांबतो. शाळेत आलेखाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिलं नाही तर गुण जात. इथं प्रमाण बऱ्याचदा संगणक परस्पर ठरवतो आणि कुणी विचारत नाही. कोयनेसारख्या वादाच्या प्रश्नात तरी एकाखाली एक तीन पट्ट्या बऱ्या: वर पाऊस, मध्ये पातळी, खाली धक्के, तारखांचा अक्ष सामायिक. पाणी चढल्यावर धक्के किती आठवड्यांनी वाढले, हे मग सरळ वरून खाली वाचता येतं.

पुढं १९८५ मध्ये दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९३ पर्यंत धक्क्यांची हालचाल तिकडंही सरकली. मधल्या पट्टीत दुसरी रेषा वाढली. ती पाणीपातळीचीच, त्यामुळे तिला नवा अक्ष लागत नाही. खालचे स्तंभ मात्र कोयनेचे आणि वारणेचे असे दोन रंगांत वाटून घ्यावे लागतात.