पुणे की मुंबई? फॉर्म भरायच्या आधी ठरवा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, वही लिहून झाली, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मॅडम, लेकीला सीईटीला लई चांगले मार्क पडलेत. ती म्हणते पुण्याचं सीओईपी, तिचा मामा म्हणतो मुंबईचं व्हीजेटीआय. दोन्हीकडं नंबर लागू दे, मग बघू."

इथंच चुकतं. दोन्हीकडे एकदम नंबर लागत नाही. प्रवेशाच्या कॅप फेरीत एका वेळी एकच जागा मिळते. मुलीने पर्याय ज्या क्रमाने भरले, त्याच क्रमाने कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि तिच्या मार्कांत बसणारी पहिली जागा देतो. पहिल्या फेरीत एक नंबरचाच पर्याय मिळाला, तर तीच जागा पक्की धरतात. नको म्हटलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे निवड होते ती फॉर्म भरताना. तो क्रम नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. मुलीने घरी कागदावर लिहून न्यावा.

आता दोन्हींत चांगलं कुठलं? सीओईपी 1854 पासूनचं, 2022 मध्ये त्याचं स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 चं, आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाचं. नावावरून भांडण्यात अर्थ नाही, दोन्ही नावं चालतात. बघायची ती शाखा. कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सिव्हिल दोन्हीकडे आहे. पण कापडाचं इंजिनिअरिंग व्हीजेटीआयला, धातूशास्त्र सीओईपीला. (कापूस पिकवणाऱ्या आपल्या घरांत कापडाची शाखा कुणाला माहीतच नसते, याचं मला नवल वाटतं.) मुलीला काय शिकायचंय हे आधी तिलाच विचारा. चार वर्षं तिला काढायची आहेत.

मग राहण्याचं. वसतिगृह दोन्हीकडे आहे, पण प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असं नाही. मामा कल्याणला राहतात, "आमच्याकडं राहील, खर्च वाचेल" म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. पण रोज लोकलच्या गर्दीतून माटुंगा, परत येऊन घरकामाला हात, मग अभ्यास कधी? हेही हिशोबात धरा.

पैशांचं थोडं सोपं झालंय. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटी मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. मेस, खोली, लॅपटॉप, प्रवास मात्र आपल्यालाच बघायचं. त्या ताई फीसाठी गटाकडे मोठं कर्ज मागणार होत्या. हिशोब मांडल्यावर निम्म्याहून कमी लागलं. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. कागदासाठी जागा गेली तर मार्कांचा काय उपयोग?

लेकीने शेवटी एक नंबरला पुण्याचं मेकॅनिकल टाकलं, दोनला मुंबईचं. मामा अजून थोडे रुसलेत.