उकळले तरी विष उरते

बुद्ध पौर्णिमेला आपल्या विहारांत खीरदान होते. तेव्हा एक गोष्ट आपण सर्वांनी समजून घेतली पाहिजे. उकळल्याने जंतू मरतात, पण जंतूंनी किंवा बुरशीने आधीच सोडलेले विष प्रत्येक वेळी नष्ट होत नाही.

हाताला पिकलेली जखम असेल तर तिच्यातून स्टॅफिलोकोकस जंतू खिरीत जातो. खीर तासन् तास कोमट राहिली की तो विष तयार करतो. ते पुन्हा उकळूनही टिकते. म्हणून जखम असलेल्याने वाढू नये आणि खीर वाफाळती ठेवावी.

बुरशीचे अफ्लाटॉक्सिनही असेच चिवट. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. बुरसटलेली पेंड गुरांना घातली तर हेच विष रूप बदलून दुधात उतरते.

खराब धान्य खाण्याची पाळी गरिबावरच येते. रेशनचे धान्य बुरसटलेले निघाले तर धुऊन-वाळवून खाऊ नका, गुरांनाही घालू नका. ते बदलून मागा. नकार मिळाला तर तहसीलच्या पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा. चांगले धान्य ही कुणाची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.