थॅड जोन्सच्या शहरातला बिग बँड

डेन्मार्क रेडिओच्या बिग बँडला 2024 मध्ये साठ वर्षं झाली. त्या निमित्ताने माझ्याकडच्या त्यांच्या रेकॉर्ड आणि सीडी मी ओळीने ऐकल्या. अलीकडची ध्वनिमुद्रणं आली तसा जीव कासावीस झाला. 2010 मध्ये रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स पाहुणा म्हणून वाजवून गेला. ती मैफल 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन गायक कर्टिस स्टायगर्सबरोबर 2014 मध्ये सिनात्राच्या आठवणीत गाण्यांचा कार्यक्रम झाला. दोन्हीकडे वादन निर्दोष आहे. पण युरोपातल्या सर्वांत धाडसी बिग बँडांपैकी एकाने इतक्या अदबीने दुसऱ्यांची साथ करत राहावं, हे मला सोसत नाही.

सुरुवातीची वर्षं मी भरभर ओलांडतो. 1964 मध्ये इब ग्लिंडेमानच्या हाताखाली हा वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हा त्याला रेडिओचा नवा नृत्यवाद्यवृंद म्हणत, आणि त्याचं बरंचसं काम त्या नावाला साजेसं होतं. महत्त्वाचे होते ते त्यात आलेले तरुण. पुढे जगभर गाजलेला बासवादक नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन त्यात पहिल्यापासून होता. टेनर सॅक्सोफोनवर येस्पर थिलो आला, ट्रम्पेटवर पाले मिकेलबॉर्ग. रात्री कोपनहेगनच्या मोंमार्त्र क्लबमध्ये डेक्स्टर गॉर्डन किंवा बेन वेबस्टर हे सॅक्सोफोनवादक वाजवत असायचे. अमेरिकेत वर्णभेदाला आणि बेभरवशाच्या कमाईला विटलेले हे कलावंत या शहरात येऊन राहिले होते. रेडिओतल्या मुलांना यापेक्षा चांगली शाळा मिळाली नसती.

मी ज्या दशकासाठी लिहायला बसलो, ते 1980चं. 1978 मध्ये मुंबईत निरंजन झवेरींनी पहिली जॅझ यात्रा भरवली, तिथे मला या संगीताचं वेड लागलं. नोकरीने कोपनहेगनला नेलं तेव्हा अमेरिकन ट्रम्पेटवादक आणि संगीतकार थॅड जोन्स त्याच शहरात राहत होता. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये ड्रमर मेल लुईसबरोबर त्याने उभा केलेला सोमवारचा बिग बँड आधुनिक जॅझमधला मानदंड होता. तो सोडून थॅड डेन्मार्क रेडिओच्या बँडचं नेतृत्व करायला आला आणि इथलाच झाला. पुढे त्याने इथे एक्लिप्स नावाचा स्वतःचा बँडही काढला.

न्यूयॉर्कने त्याला ते कधी माफ केलं नाही. ऐन भरात माणूस युरोपात जाऊन विझला, असं तिकडच्या रसिकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे. हा निव्वळ अन्याय आहे. तिकडे बँडला आठवड्यातली एक रात्र मिळायची आणि बाकीचे दिवस ज्याने त्याने पोटापाण्याला पळायचं. इथे रेडिओ वादकांना महिन्याचा पगार देत होता, तालमीला जागा आणि वेळ देत होता. थॅडच्या रचना वाजवायला सोप्या नाहीत. सॅक्सोफोनची पाच वाद्यं एकमेकांना घासून चालतात, सुरांत अर्ध्या सुराचंच अंतर असतं, आणि तरी ते सगळं हसत-खेळत वाजलं पाहिजे. असं काम फुलायला एक सोमवार पुरत नाही, त्याला रोजचा रियाज लागतो. थॅडचा हात ज्या डॅनिश वादकांवरून फिरला, त्यांचा सूर बदलला. मी तो कानांनी ऐकला आहे.

आणि मग ‘ऑरा’. डिसेंबर 1984 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला डेन्मार्कचं सोनिंग संगीत पारितोषिक मिळालं. तोवर ते स्ट्राविन्स्की, बर्नस्टाइन अशांना दिलं जात होतं. जॅझच्या माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्यासाठी मिकेलबॉर्गने मोठी रचना लिहिली. माइल्सच्या नावातल्या दहा अक्षरांना एकेक सूर देऊन त्याने मूळ धून बांधली आणि तिच्यातून पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंगांच्या नावाचे भाग काढले. माइल्स शेवटच्या भागात वाजवून गेला आणि काही आठवड्यांतच परत आला. 1985 च्या सुरुवातीला या बिग बँडबरोबर त्याने अख्खी रचना ध्वनिमुद्रित केली. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन होता, तालवाद्यांवर मेरिलिन मझुर होती. इलेक्ट्रॉनिक वाद्यं, ओबो, हार्प, मागे पितळी वाद्यांची भिंत आणि मधे माइल्सचा एकटा ट्रम्पेट. बिग बँड म्हणजे नाचाचं संगीत, हा समज या एका रेकॉर्डने कायमचा मोडला.

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ती चार वर्षं दाबून ठेवली. 1989 मध्ये ती आली आणि पुढच्या वर्षी तिला दोन ग्रॅमी मिळाली. तोवर त्या वादकांच्या उमेदीची किती वर्षं गेली, हे कोणी विचारलं नाही.

थॅड तेव्हा हयात नव्हता. काउंट बेसीच्या पश्चात त्याचा बँड सांभाळायला तो 1985 मध्ये अमेरिकेला गेला, आजारी होऊन परतला आणि ऑगस्ट 1986 मध्ये कोपनहेगनमध्ये वारला. त्याला तिथेच पुरलं आहे.

नव्वदच्या दशकात बॉब ब्रुकमायर आणि त्याच्यानंतर जिम मॅकनीली यांनी बँड सांभाळला. दोघेही व्हॅनगार्डच्या त्याच बँडमध्ये वाजवलेले, म्हणजे थॅडचंच घराणं. मॅकनीलीच्या काळातली ध्वनिमुद्रणं उत्तम आहेत. पण मग काळजीची वर्षं आली. 2009 मध्ये वास्तुकार ज्याँ नुव्हेलने बांधलेलं रेडिओचं नवं संगीतगृह उघडलं, त्याचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वर गेला आणि रेडिओत काटकसर सुरू झाली. 2014 मध्ये रेडिओने आपला लहान वाद्यवृंद, अॅडम फिशर ज्याचा संचालक होता तो, बंद करून टाकला. 2018 मध्ये राजकारण्यांनी रेडिओच्या पैशांत वीस टक्के कपात ठरवली आणि लायसन्स फी रद्द करायला घेतली. जॅझचं रेडिओ केंद्रही बंद व्हायचं ठरलं होतं, ते लोकांच्या विरोधामुळे वाचलं. शेजारचा वाद्यवृंद असा एका निर्णयात संपलेला पाहिल्यावर तिकिटं खपवणारे पाहुणे बोलवावेसे वाटतात, हे मी समजू शकतो. त्याचा राग मी वादकांवर काढणार नाही. तो मी त्या राजकारण्यांवर काढतो, ज्यांना पगारी वादक म्हणजे उधळपट्टी वाटते.

2019 मध्ये मिहो हाझामा या जपानी संगीतकार बाईंनी सूत्रं हाती घेतली. त्यांचा जन्म 1986 चा, थॅड गेला त्याच वर्षीचा, आणि न्यूयॉर्कमध्ये त्या मॅकनीलीकडे शिकल्या. 2021 च्या ‘इमॅजिनरी व्हिजन्स’मध्ये या बँडचा जुना पोत मला पुन्हा ऐकू आला: पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली दाट वीण, आणि खाली न थांबणारी लय. थॅडचा धागा तुटलेला नाही, याचा तो पुरावा आहे.

वाचकांना एकच सांगणं: ‘ऑरा’ मिळवा, रात्री एकसलग ऐका, आणि दुसऱ्या दिवशी हाझामांची रेकॉर्ड लावा. आणि कोपनहेगनमध्ये ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी पाहुण्यांच्या मैफली निम्म्यावर आणून तो वेळ आणि पैसा नव्या दीर्घ रचनांना द्यावा. मिकेलबॉर्गला तो मिळाला होता, म्हणून ‘ऑरा’ झाली.