बर्फावरची गाडी आणि गावचा रस्ता

1922 सालच्या 31 डिसेंबरला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या वालकूर गावात पंधरा वर्षांच्या जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिअरने आणि त्याच्या भावाने एक यंत्र रस्त्यावर काढलं. खाली लाकडी घसरगाडी, तिच्यावर जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीचं इंजिन आणि मागे विमानासारखा उघडा पंखा. घोडा न जुंपता ही गाडी बर्फावरून गावातून धावली. वडिलांनी मात्र ती मोडायला लावली, कारण फिरणारा तो पंखा कुणाचाही जीव घेऊ शकला असता. गावच्या रस्त्यावर स्नोमोबाइल चालवण्याबद्दलचा हा बहुधा पहिला नियम आणि तो बापाने घातलेला. पुढच्या शंभर वर्षांत प्रांतांनी, राज्यांनी आणि नगरपरिषदांनी जे नियम केले, त्यांच्या मुळाशी हीच काळजी आहे. म्हणूनच ते नियम सरकारी कागद म्हणून बाजूला टाकावेत असं मला वाटत नाही.

बॉम्बार्डिअर हे नाव मुंबईकरांना लोकलमुळे माहीत आहे. 2015 पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या नव्या लोकलना प्रवासी ‘बॉम्बार्डिअर’ म्हणू लागले. हे नाव ज्या कंपनीवरून पडलं, तिचं मूळ वालकूरच्या गॅरेजमध्ये आहे आणि तिची सुरुवात एका दुःखातून झाली. 1934च्या हिवाळ्यात बॉम्बार्डिअरच्या दोन वर्षांच्या मुलाला, इवोंला, अपेंडिसायटिस झाला. रस्ते बर्फाने बंद होते, वडिलांचं नवं यंत्र गॅरेजमध्ये सुटं होऊन पडलं होतं, रुग्णालय गाठता आलं नाही आणि मूल गेलं. 1937 साली दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या रचनेचं पेटंट बॉम्बार्डिअरला मिळालं. सात जणांची बी-7 आली, 1942 साली बारा जणांची बी-12. गोल खिडक्यांच्या या गाड्यांनी डॉक्टर नेले, टपाल नेलं, शाळेतली मुलं नेली. त्या काळात त्यांच्यासाठी वेगळा वाहतूक नियम लागण्याचं कारणच नव्हतं. हिवाळ्यात गावचा रस्ता त्यांचाच होता, कारण दुसरं कोणतंही वाहन त्यावर चालू शकत नव्हतं.

1948 साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि हे सगळं एका झटक्यात बदललं. मोटारी हिवाळ्यातही धावू लागल्या आणि बॉम्बार्डिअरची विक्री वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. या एका कायद्याने स्नोमोबाइलचा रस्ता काढून घेतला, आणि नंतरचे सगळे वाद इथून सुरू झाले असं मी मानतो. बर्फ काढलेला रस्ता मोटारीचा, न काढलेला स्नोमोबाइलचा ही विभागणी वरवर सोपी दिसते. पण माणसाचं घर मोटारीच्या रस्त्यावर असतं आणि बर्फातली वाट गावाबाहेर सुरू होते. या दोन टोकांमधलं अंतर कसं पार करायचं? गावोगावच्या नगरपरिषदा गेली साठ वर्षं या प्रश्नाशी झगडत आल्या आहेत.

1959 साली बॉम्बार्डिअरने एकदोन माणसांसाठी हलकी स्की-डू बाजारात आणली. पहिल्या वर्षी 225 विकल्या गेल्या, चार वर्षांनी हा आकडा आठ हजारांवर होता. तिकडे अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला असलेल्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या हेटीन बंधूंनी आणि डेव्हिड जॉन्सनने पोलारिस उभी केली. विस्कॉन्सिनच्या सेनर गावात कार्ल एलियसनने तर 1924 सालीच आपली मोटर लावलेली घसरगाडी बनवली होती. साठचं दशक संपेपर्यंत शंभराहून अधिक कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि 1971च्या सुमारास उत्तर अमेरिकेतली वर्षाची विक्री पाच लाखांच्या घरात गेली. डॉक्टर नेण्यासाठी जन्मलेली गाडी आता शनिवार-रविवारची करमणूक झाली होती. ती कुंपणं ओलांडत होती, रात्री दोन वाजता गल्लीतून जात होती आणि अंधारात मोटारीसमोर येत होती.

मिनेसोटाने स्नोमोबाइलचा कायदा केला तो 1967 साली. पुढे त्यात वेळोवेळी भर पडत गेली. त्यातलं रस्त्याबद्दलचं कलम मला फार नेमकं वाटतं. राज्य महामार्ग आणि काउंटीचे रस्ते यांच्या डांबरी पट्ट्यावर स्नोमोबाइल चालवायची नाही. साइडपट्टीवर नाही आणि साइडपट्टीवरून चरीत उतरणाऱ्या आतल्या उतारावरही नाही. चालवायचीच असेल तर चरीच्या तळातून किंवा पलीकडच्या उतारावरून. रस्ता ओलांडायचा तो काटकोनात, साइडपट्टीच्या अलीकडे पूर्ण थांबून, येणाऱ्या वाहनांना आधी जाऊ देऊन.

या कलमाचा रात्रीचा भाग तर विशेष विचारपूर्वक लिहिलेला आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत रस्त्याच्या उजव्याच बाजूच्या चरीतून, वाहतुकीच्याच दिशेने जायचं. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, हे लक्षात घेतलं की कारण उलगडतं. बर्फ पडतो आहे, रस्त्याच्या कडा दिसत नाहीत आणि मोटार चालवणाऱ्याला आपल्या उजव्या हाताला समोरून येणारा एक दिवा दिसतो. समोरची वाहनं नेहमी डावीकडून येतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. साहजिकच त्याला वाटतं, आपण चुकून भलत्या बाजूला आलो. तो स्टिअरिंग उजवीकडे वळवतो आणि थेट चरीत जातो. असा घोटाळा ज्यांनी डोळ्यांनी पाहिला असेल, त्यांनाच असा नियम सुचू शकतो.

1972 नंतर बनलेल्या गाड्यांवर हँडलच्या पुढे दोन्ही बाजूंना किमान 16 चौरस इंच, म्हणजे साधारण तळहाताएवढा, चमकणारा पट्टा बंधनकारक झाला. आपल्याकडे गाळप हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात आल्यावर काळजाचं काय होतं, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. मिनेसोटात स्नोमोबाइल बाजूने रस्ता ओलांडत असते, मोटारीचा दिवा तिच्या कुशीवर पडतो, म्हणून पट्टा बाजूला हवा.

चरीतून जाणं सुरक्षित आहे असं मात्र नाही. प्रत्येक घराकडे जाणारी वाट चर ओलांडूनच जाते, तिच्याखाली मोरी असते आणि वर मातीचा भराव. भरवेगात आलेली स्नोमोबाइल या भरावावर चढून हवेत उडते. मोरीच्या पाइपाचं तोंड आणि टपालपेटीचा खांब बर्फाखाली दडलेले असतात. अनुभवी चालकही इथेच गमावले गेले आहेत.

गावाच्या हद्दीत चर नसते, पदपथ असतो आणि त्यावरून चालणारी माणसं असतात. इथे राज्याने नगरपरिषदांना आपापले नियम करायची मुभा दिली. गावागावांत ते वेगळे असले, तरी त्यांचा साचा पुष्कळसा सारखा आहे. घरापासून बर्फवाटेपर्यंत सर्वांत जवळच्या रस्त्याने जा. रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक जा. वेग बेताचा, अनेक ठिकाणी ताशी 10 मैल, म्हणजे 16 किलोमीटर. पदपथ, बाग, शाळेचं आवार वर्ज्य. ठरावीक वेळेनंतर रात्री फक्त घरी परतण्यापुरती परवानगी. मिनेसोटात 14 वर्षांखालच्या मुलाने गावच्या रस्त्यावर चालवायची नाही की मोठा रस्ता ओलांडायचा नाही, हे मात्र राज्यानेच ठरवलं. 1976 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, हेही राज्याचं.

वय, दिवे आणि प्रशिक्षण राज्याकडे, कोणती गल्ली खुली ठेवायची ते गावाकडे, ही वाटणी मला योग्य वाटते. कोणत्या वळणावर म्हातारी माणसं राहतात, कुठल्या चढावर डांबर उघडं पडतं, हे राजधानीत बसून कळत नाही. याची किंमतही आहे. एका दिवसात चार गावं पार करणाऱ्या पाहुण्याला चार तऱ्हेचे नियम पाळावे लागतात. ज्या गावाने वेशीवर ठळक पाटी लावली नाही, त्याने दंड वसूल करताना दोनदा विचार करावा.

वेगाच्या मर्यादेमागे यंत्राचं स्वतःचं कारणही आहे, ते क्वचितच सांगितलं जातं. स्नोमोबाइलच्या पुढच्या स्की बर्फात रुततात म्हणून गाडी वळते. उघड्या डांबरावर त्या नुसत्या घासत जातात, हँडल फिरवूनही गाडी सरळच जाऊ शकते. गाडीचा रबरी पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना बर्फाचं वंगण लागतं. ते नसलं की त्या तापतात, वितळतात. बऱ्याच इंजिनांना थंड ठेवण्याचं कामही पट्ट्याने उडवलेला बर्फ करतो. म्हणून स्वच्छ केलेला रस्ता हा या गाडीसाठी सगळ्यात वाईट रस्ता. पकड वाढवण्यासाठी चालकांनी पट्ट्याला धातूचे अणकुचीदार खिळे लावले, तर खिळ्यांनी डांबर खरवडलं. नव्वदचं दशक संपता संपता मिनेसोटात यावर कडाक्याचा वाद झाला आणि डांबरी सार्वजनिक वाटांवर खिळ्यांना बंदी आली.

आवाजाच्या बाबतीत उत्पादकांना श्रेय द्यायला हवं. साठच्या दशकातली गाडी 50 फुटांवरून 102 डेसिबलपर्यंत आवाज करायची. फेब्रुवारी 1975 नंतरच्या गाड्यांना पूर्ण वेगात 78 डेसिबलची मर्यादा आली, जून 1976 नंतर ताशी 15 मैल वेगाला 73ची. दर दहा डेसिबलला कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर ही घट किती मोठी आहे ते कळेल. तरीही कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवणारे होते, आजही आहेत. शेजाऱ्यांची झोप मोडून मिळवलेल्या या मौजेबद्दल मला जराही सहानुभूती नाही. पुष्कळ गावांनी गल्ल्या बंद केल्या त्या अशा मोजक्या चालकांमुळे, आणि नियम पाळणाऱ्यांची वाट त्यात गेली.

अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे गावच्या रस्त्यांची वर्गवारी आहे आणि चौथ्या वर्गातल्या रस्त्यांवरचा बर्फ सहसा काढला जात नाही. हिवाळ्यात ते आपसूक स्नोमोबाइलच्या वाटा होतात. बर्फ काढलेला रस्ता खुला करायचा असेल तर गावच्या निवडून आलेल्या मंडळाने तसं ठरवावं लागतं. बाकी बहुतेक वाटा खाजगी जमिनीवरून जातात, मालकांच्या परवानगीने. 1967 साली स्थापन झालेली राज्यव्यापी स्नोमोबाइल संघटना आणि तिचे गावोगावचे क्लब ही परवानगी टिकवून धरतात. एकाने कुणाच्या शेतातली रोपं तुडवली तर साऱ्या तालुक्याची वाट तुटू शकते, म्हणून क्लबचे लोक एकमेकांवर पोलिसांपेक्षा कडक नजर ठेवतात.

मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन गावाने तर आपले रस्तेच स्नोमोबाइलना मोकळे केले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरच्या या गावाचा हिवाळा स्नोमोबाइलवर चालत होता. धूर इतका साठायचा की 2002च्या सुमारास प्रवेशद्वारावरचे रेंजर तोंडाला धूर गाळणारा मुखवटा लावून काम करत. पर्यटकांच्या पैशाबरोबर गावाने काय पत्करलं, ते या चित्रात दिसतं. उद्यानाने मग बंदी, न्यायालय, पुन्हा परवानगी असा लांब प्रवास केला. शेवटी 2013च्या नियमानुसार संख्येवर मर्यादा आली आणि कमी धुराची, कमी आवाजाची यंत्रंच आत सोडायचं ठरलं.

सोलांग किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांनी ही गाडी पाहिली आहे. तिथे ती पठारावरची मौजेची फेरी आहे, गावच्या रहदारीचा भाग नाही.

मिनेसोटाच्या कायद्यात आणखी एक कलम आहे. रस्त्यावरच्या बर्फामुळे मोटार चालवणं अशक्य झालं असेल, तर आणीबाणीत, तेवढ्या ठिकाणी आणि तेवढ्या वेळेपुरती स्नोमोबाइल रस्त्यावर चालवता येते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने 1977च्या जानेवारीत आणि पुन्हा 2022च्या नाताळात अशा वेळेचं मोल अनुभवलं. दुसऱ्या वेळी तर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याच बर्फात रुतल्या, त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं दगावली. त्या दिवसांत स्नोमोबाइल असलेल्या माणसांनी अडकलेल्यांपर्यंत मदत पोचवली. करमणुकीच्या गाडीवरचे निर्बंध कितीही कडक करा, हे दार कायद्यात उघडं राहिलंच पाहिजे.

दारूचं प्रकरण सर्वांत उशिरा आणि सर्वांत मोठी किंमत देऊन सुटलं. मोटार पिऊन चालवणं गुन्हा, पण तळ्यावरच्या बर्फावर कोण विचारतो, अशी समजूत वर्षानुवर्षं चालली. 2018च्या जानेवारीत मिनेसोटातल्या एका गोठलेल्या तळ्यावर मद्यधुंद चालकाच्या स्नोमोबाइलने आठ वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मद्यधुंद अवस्थेत कोणतंही वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्याचा स्नोमोबाइल चालवण्याचा हक्कही जाऊ लागला. हा नियम वीस वर्षं आधी व्हायला हवा होता.

2023-24चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला. वीस हजारांहून अधिक मैलांच्या बर्फवाटा आखून तयार होत्या, पण बऱ्याच भागात त्यांवर पुरेसा बर्फच पडला नाही. ज्या गावांची खानावळ, पेट्रोलपंप, लॉज हिवाळी पाहुण्यांवर चालतात, ती आता बर्फ नसतानाही धावणाऱ्या चारचाकी एटीव्हींना आपले रस्ते खुले करत आहेत. नगरपरिषदांपुढे पुन्हा तेच विषय येतात. वेग किती, चालकाचं वय काय, रात्री कुठपर्यंत, कोणती गल्ली वगळायची. एटीव्हीला चाकं आहेत, ती डांबरावर वळते, थांबते, म्हणून तिला जास्त वेग द्यावा असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. माझं मत विरुद्ध आहे. ताशी 10 मैलांची मर्यादा स्कीच्या घसरण्यापुरती आखलेली नव्हती, ती पदपथावर चालणाऱ्या माणसासाठीही होती. तो माणूस अजून तिथेच चालतो आहे, आणि एटीव्हीचा ठराव लिहिताना वेगाच्या रकान्यात तोच आकडा राहायला हवा.